प्लाय आणि अखंड फळी

माझ्या पहिल्या गिटारचा ब्रिज निघाला तेव्हा मी गडहिंग्लजजवळच्या एका प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेली लाकडी पट्टी. सगळ्या तारा तिथं अडकवलेल्या असतात. कवितेचं दुसरं कडवं चालू होतं. कट्ट असा आवाज झाला, तारा एकदम सैल पडल्या आणि ती पट्टी उसळून माझ्या मनगटावर आपटली. मुलं हसली. मीही हसले. उरलेली कविता आम्ही टाळ्यांवर म्हटली.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. गिटार त्याआधी दहा वर्षं माझ्याकडं होती. डी.एड.ला असताना, शिष्यवृत्तीचे साठलेले पैसे हातात आले तेव्हा, मी ती कोल्हापुरात पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातून घेतली. त्या दुकानात हार्मोनियमचे भाते, तबल्याच्या वाद्या, बँडवाल्यांची पितळी वाद्यं असं सगळं होतं आणि छताजवळ खिळ्याला दोन गिटारी टांगलेल्या होत्या. दोन्ही सारख्याच, कडेला काळपट आणि मध्ये पिवळ्या होत जाणाऱ्या रंगाच्या. निवडायला काही नव्हतंच. तरीही आबा माझ्याबरोबर आले होते, कारण लाकडाची कुठलीही वस्तू त्यांनी बघितल्याशिवाय आमच्या घरात येत नसे.

आबा म्हणजे माझे वडील. ते मूळचे गारगोटीकडचे. गावातल्या आमच्या वस्तीतून कोल्हापुरात नोकरीसाठी आलेल्या पहिल्या काहीजणांत ते होते. एका लाकडाच्या वखारीत ते लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पहिली वीसएक वर्षं करवतीच्या मशीनवर होते. पुढं मालकानं प्लायवूड ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्यांना काउंटरवर बसवलं. मशीननं त्यांची बोटं शाबूत ठेवली, कान मात्र नेले. मी गिटार घेतली तोवर त्यांना समोरून मोठ्यानं बोललेलं ऐकू यायचं, बारीक आवाज अजिबात नाही. पक्ष्यांचे आवाज, शिट्टी, कुकर यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. त्यामुळं आमच्या घरात सगळे जण ओरडूनच बोलायचे आणि नव्या माणसाला भांडण चाललंय असं वाटायचं.

त्या दिवशी आबांनी गिटार खाली काढायला लावली. तारांमधून आतल्या बाजूला बघितलं, पोटाच्या मधल्या भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "प्लाय हाय. फुगणार न्हाय, फाटणार न्हाय. घे."

त्यांच्या तोंडी ही प्रशस्तीच होती. प्लायवर त्यांचा विश्वास होता. अखंड लाकडाचे हट्ट त्यांनी उमेदीची वर्षं सोसले होते. फळी उन्हात वाकते, पावसात फुगते, गाठीपाशी चिरते. प्लायमध्ये पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळं एका पापुद्र्याला पळायचं झालं तर दुसरा त्याला धरून ठेवतो. हे ते गिऱ्हाइकांना इतक्यांदा समजावून सांगत असत की ते बोलणं मला शाळेत असल्यापासून पाठ होतं.

मंगळवार पेठेत एक सर गिटार शिकवायचे. पूर्वी ते ऑर्केस्ट्रात वाजवत. मी पोचले तोवर त्यांनी कार्यक्रम सोडले होते आणि एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत चार-पाच जणांना घेऊन बसत होते. त्यांनी माझी गिटार मांडीवर घेतली, दोन-चार सूर काढले आणि परत दिली. चांगली की वाईट, काहीच बोलले नाहीत. वर्षभरानं एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, की शिकायला हरकत नाही, पण प्लायचा आवाज जन्मला तसाच राहतो. वरची फळी एका अखंड लाकडाची असेल तर ती वाजवून वाजवून सुटी होते, आवाज खुलत जातो.

हे मी घरी सांगितलं. आबा म्हणाले, सुटी होते म्हणजे सैल होते, सैल झालेली वस्तू दुरुस्तीला येते. मी ते पुढच्या आठवड्यात सरांना सांगितलं. सर हसले आणि म्हणाले, की तुझ्या वडिलांना सांग, गिटार म्हणजे कपाट नव्हे. हे मी आबांना सांगितलं नाही.

ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. त्यांचा वाद माझ्यामार्फत चालायचा आणि त्यात माझं स्वतःचं मत काय हे मला कुणी विचारत नव्हतं. खरं सांगायचं तर मला मत नव्हतं. मी बऱ्यापैकी वाजवत होते, एवढंच. जयंतीच्या कार्यक्रमात आमच्या वस्तीतल्या गाण्याच्या मंडळात ढोलकी आणि पेटीच्या जोडीला मी बसायचे आणि त्या दोघांच्या आवाजात माझी गिटार कुणाला ऐकू येत नसे. नोकरी लागल्यावर मी गिटार शाळेत न्यायला लागले. सोमवारी सकाळच्या एस.टी.त ती वरच्या फळीवर आडवी ठेवायची, शनिवारी परत आणायची. कंडक्टर तिला सतार म्हणायचा.

तर ब्रिज निघाला. आबांनी तो शनिवारी रात्री न बघता रविवारी सकाळी उजेडात बघितला. जुना गोंद खरवडून काढला, सुतारकामाचा पांढरा गोंद लावला, आतून-बाहेरून शिकंजे आवळले आणि चोवीस तास कुणाला हात लावू दिला नाही. ब्रिज पक्का बसला. पण गिटारची मान एव्हाना पुढं वाकली होती. तारा लाकडापासून इतक्या वर गेल्या होत्या, की दहा मिनिटं वाजवलं तरी डाव्या हाताची बोटं सुजत. आबांनी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली आणि ही सरळ होणार नाही असं सांगून टाकलं.

तीन वर्षं मानधनावर काढून मी नुकतीच पूर्ण पगारावर आले होते. नवी गिटार घ्यायची ठरली. सर म्हणाले, आता अखंड फळीचीच घे, वरची तेवढी अखंड असली तरी पुरे, बाजू आणि पाठ प्लायची चालते. अशा गिटारी आता आवाक्यात आल्यात. आबा म्हणाले, एस.टी.तनं नेणार, कोकणाच्या अंगाचा पाऊस, वर उन्हाळा. प्लायचीच घे, जरा बरी बघून.

कोल्हापुरात तेव्हा वाद्यांचं एक नवं, काचेच्या दाराचं दुकान झालं होतं. भिंतीवर गिटारी ओळीनं टांगलेल्या. दुकानदार पन्नाशीचा, पूर्वी कुठंतरी कीबोर्ड वाजवणारा. आम्ही एका रविवारी दुपारी गेलो. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात घडीचं भिंग ठेवलं होतं. ते भिंग वखारीतलं. लाकडाला कीड लागलीय का हे बघायचं.

मी माझं बजेट सांगितलं. दुकानदारानं दोन गिटारी काढून गादीच्या बाकावर ठेवल्या. पहिली फार देखणी होती. वरची फळी मधाच्या रंगाची, सरळ बारीक रेषांची, आरशासारखं पॉलिश. दुसरी फिक्कट, जवळजवळ कोऱ्या लाकडासारखी, चमक नाही, कडेला साधी काळी पट्टी. दुसरीची किंमत पहिलीच्या जवळपास दुप्पट. ती कुणीतरी मागवून घेतली होती आणि मग न्यायला आलंच नाही, म्हणून सहा महिने पडून होती, असं त्यानं सांगितलं.

मी विचारलं, की या दोघींत फरक काय. तो म्हणाला, दोन्ही सॉलिड आहेत, म्हणजे अखंड फळीच्या, फक्त कंपनी वेगळी.

आबांना एवढं ऐकू आलं की काय कोण जाणे. त्यांनी देखणी गिटार उचलली, दाराजवळ उजेडात नेली, भिंग काढलं आणि मधल्या भोकाच्या कडेला लावलं. बराच वेळ बघत होते. मग मला जवळ बोलावलं. वरच्या अंगावरच्या त्या सरळ रेषा भोकाच्या कडेपाशी येऊन संपत होत्या. कडेच्या जाडीत वेगळंच लाकूड दिसत होतं, एक पापुद्रा आडवा, एक उभा. मग त्यांनी फिक्कट गिटार आणली. तिच्यात वरची प्रत्येक रेषा कडेवरून वळून तशीच खाली आत उतरत होती.

ते परत काउंटरकडं गेले आणि त्यांच्या नेहमीच्या, म्हणजे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणं, ह्यो प्लाय हाय. तीन पदरी."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती वळून बघायला लागली. दुकानदार म्हणाला, की काका, कंपनी त्याला लॅमिनेट म्हणते, चांगलं असतं. आबांच्या धंद्यात लॅमिनेट म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटांवर चिकटवायचा चकचकीत कागदी पत्रा. त्यांचा गोंधळ झाला आणि त्यांनी गिटारवर बोट घासून बघितलं. मला मध्ये पडून ओरडून समजावावं लागलं, की इथं लॅमिनेट म्हणजे प्लायच. मला तिथून बाहेर पडायचं होतं.

"मग प्लाय म्हणा की," आबा म्हणाले. "मी जलमभर प्लाय विकलाय. प्लाय हाय म्हणून ते वाईट न्हाय. पण प्लायला प्लाय म्हणावं."

दुकानदारानं कबूल केलं, की त्यालाही पुरवठादारानं सॉलिड म्हणूनच सांगितलं होतं आणि कडेला असं बघायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. ते खरं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण त्यानं भिंग मागून घेतलं आणि भिंतीवरच्या उरलेल्या गिटारी एकेक करून खाली काढून तो बघायला लागला. आबा त्याच्या शेजारी उभे राहिले. अर्ध्या तासात त्यांनी अकरा गिटारी बघितल्या. दहा प्लायच्या निघाल्या.

तोवर मी त्या दोन गिटारी आळीपाळीनं वाजवत होते. मला फरक ऐकू येतोय असं वाटायचं, आणि मग वाटायचं की फरक आहे हे माहीत झाल्यामुळं तो ऐकू येतोय. शेवटी मी दुकानदाराला म्हटलं, मी तुमच्याकडं पाठ करून बसते, तुम्ही वाजवा. त्यानं एकच स्वरसमूह कधी हिच्यावर, कधी तिच्यावर वाजवला. कुठली वाजतेय ते मी सहा वेळा सांगितलं. तीन बरोबर आले, तीन चुकले. दहा वर्षं सरांकडं शिकून, दहा वर्षं त्या वादात मध्ये उभी राहून, माझा निकाल नाणं उडवल्यासारखा आला होता. हे मी सरांना पुढं कधी सांगितलं नाही.

आबांना आमचं काय चाललंय ते कळेना. मी समजावलं. मग ते पुढं आले, गिटार दुकानदाराच्या मांडीवर असतानाच तिच्या पाठीला तळवा लावला आणि वाजवा अशी खूण केली. मग दुसरीला. पुन्हा पहिलीला.

"ही ज्यास्त थरथरतीया," फिक्कट गिटारकडं बोट दाखवून ते म्हणाले. "त्ये चांगलं का वाईट, मला न्हाय ठावं."

आम्ही विचार करून येतो म्हणून बाहेर पडलो आणि समोर चहा घेतला. आबांनी विचारलं, की तुला ही कशासाठी पाहिजे. मी म्हटलं, शाळेत वाजवायला. ते म्हणाले, मग प्लायची घे. पोरं धक्का मारणार, एस.टी. आदळणार, ती सगळं सोसेल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यात मला एकही चूक काढता आली नाही.

मला आठवतं, चहा संपेपर्यंत मी माझ्या पायातल्या चपलांकडं बघत होते. टिकतात म्हणून घेतलेल्या होत्या. साडी टिकते म्हणून घेतलेली. बी.एस्सी.ला प्रवेश मिळत असताना डी.एड.ला गेले ते नोकरी पक्की म्हणून, आणि तो निर्णय चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या घरात प्रत्येक वस्तू याच एका कसोटीवर आलेली होती आणि तसं असण्याला कारणं होती. आबा ज्या घरातून आले तिथं मोडलेली वस्तू पुन्हा येत नसे. मला त्याबद्दल राग नव्हता. फक्त त्या दुपारी मला टिकाऊ वस्तू घ्यायची नव्हती. याहून नीट कारण मला तेव्हा देता आलं नाही, आजही येत नाही.

मी आबांना म्हटलं, की मी ती फिक्कट घेते.

त्यांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या बाकावरच्या माणसानंही मान वर केली. आबांनी कप खाली ठेवला.

"फाटली तर?"

"फाटली तर तुम्ही हाय की," मी म्हटलं.

चहाचे पैसे देऊन ते माझ्याआधी रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि दुकानदाराला गिटार नीट बांधून द्यायला सांगितली.

ती फाटली. पावसाळाभर मी तिला कोल्हापुरात घरीच ठेवली होती आणि तिला काही झालं नाही. दिवाळीनंतर गडहिंग्लजला नेली. तिथं माझी भाड्याची खोली पत्र्याची होती. एप्रिलमध्ये दहा दिवसांचं प्रशिक्षण आलं. मी खोलीला कुलूप लावून गेले. परत आले तेव्हा पत्र्याखाली भट्टी झाली होती. गिटार तिच्या पेटीतून काढली, तर ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत वीतभर लांबीची सरळ चीर, रेषेच्या बाजूनं, जणू कुणी पट्टी लावून ओढलेली. नख आत जाईल एवढी रुंद. मी ती पुन्हा पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि प्रशिक्षणाचा अहवाल लिहायला बसले. तो पूर्ण केला. शनिवारी घरी नेऊन आबांसमोर पेटी उघडली आणि बाजूला झाले. 'मी सांगितलं होतं की' असं ते म्हणतील, याची मी तयारी केली होती.

ते म्हणाले नाहीत. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि आईकडं साबणाची रिकामी डबी मागितली.

डबीला त्यांनी दाभणानं भोकं पाडली, आत ओल्या फडक्याची घडी घातली आणि ती डबी गिटारच्या पोटात सोडली. तारा सैल केल्या. पेटी बंद करून कपाटाखाली ठेवली. लाकूड तहानलंय, त्याला पाणी दाखवलं की ते आपल्या जागेवर येतं, असं त्यांचं म्हणणं. रोज फडकं ओलं करायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. मी पुढच्या शनिवारी आले तेव्हा चीर केसाएवढी राहिली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी ती शोधावी लागत होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी घरीच होते.

मग गोंद. तो त्यांनी अंगठ्यानं दाबून दाबून चिरेत भरला, पुसून घेतला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. आतून चिरेवर आडव्या पातळ चकत्या चिकटवायला हव्या होत्या, म्हणजे ती पुन्हा उघडणार नाही. यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांच्या हलक्या लाकडाच्या चकत्या त्यांनी तासल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, कडा घासून पातळ केलेल्या. अडचण अशी झाली, की त्यांचा हात भोकातून आत जाईना. करवतीवर काम केलेला हात, मनगटापाशीच अडकला. त्यांनी तेल लावून पाहिलं. तेलाचा हात लाकडाला नको म्हणून परत साबणानं धुतला.

तेव्हा मी हात घातला.

आम्ही दोघं समोरासमोर जमिनीवर बसलो, मध्ये गिटार. माझा हात कोपरापर्यंत आत. मला आतलं काही दिसत नव्हतं आणि त्यांना मी हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. ओरडावं तर हात हलत होता. शेवटी त्यांनी बाहेरून फळीवर बोट दाबलं. आतून मला ते जाणवलं. दोन-तीन मिलिमीटर लाकूड मध्ये होतं, पण त्यांचं बोट कुठं आहे ते अगदी स्पष्ट कळत होतं. त्या बोटाखाली मी चकती टेकवली. ते बाहेरून दाबून धरायचे, मी आतून. दोनशेपर्यंत ते मनात आकडे मोजायचे, मग मान हलवायचे आणि बोट पुढं सरकवायचे. अशा चार चकत्या लागल्या. पाऊण तास तरी गेला असेल. आई दोनदा दारात येऊन काय चाललंय ते बघून गेली.

हात बाहेर काढला तेव्हा कोपराखाली भोकाच्या कडेचा वळ उठला होता. आबा शिकंजे आवळत होते. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुला दोन्हीतला फरक कळतोय का आता?"

मी म्हटलं, कधी कधी कळतो.

त्यांनी मान डोलावली. पुरेसं आहे, असा त्याचा अर्थ मी लावला.

दुरुस्ती टिकली. चिरेची जागा उजेडात तिरकं धरलं तरच दिसते. त्या जूनमध्ये मी नव्या तारा घ्यायला त्या दुकानात गेले आणि दुकानदारानं गिटार कशी आहे विचारलं म्हणून त्याला सगळं सांगितलं. त्यानं काम कुणी केलं हे दोनदा विचारून घेतलं. पुढच्याच आठवड्यात तो आमच्या घरी आला. हातात एक गिटार, तिचा ब्रिज निघालेला. दारातच म्हणाला, काका, ही प्लायची आहे. आबांना ते पहिल्यांदा ऐकू आलं नाही. त्याला ते पुन्हा, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं. मग आबा हसले आणि त्याला आत बोलावलं.

आबा त्या वर्षी निवृत्त झाले होते आणि घरात बसून आईच्या पायात पायात येत होते. पुढची पाचेक वर्षं आमच्या पुढच्या खोलीत कायम दोन-तीन गिटारी असत. निघालेले ब्रिज, फाटलेली पोटं, पडून मोडलेल्या माना. सूर लावायचं काम त्यांना जमणारं नव्हतं, ते दुकानदार करून घ्यायचा. पण तारेची उंची, मानेचा बाक, कुठं सैल झालंय, हे ते बोटांनी सांगत. गिऱ्हाइकाला ते आधी गिटार काय आहे ते सांगायचे. कुणी पोरगा अभिमानानं सॉलिड म्हणून घेऊन यायचा आणि प्लाय आहे ऐकून पडलेल्या चेहऱ्यानं बसायचा. तेव्हा ते प्लाय का चांगला हे त्याला समजावत. तेच जुनं बोलणं, पापुद्रे आडवे-उभे कसे असतात ते.

सरांना मी नवी गिटार घेतल्या घेतल्या दाखवली होती. त्यांनी ती बराच वेळ वाजवली आणि पाच वर्षांनी घेऊन ये म्हणाले. त्याआधीच ते मुलीकडं राहायला दुसऱ्या शहरात गेले. त्यामुळं आवाज खुलला की नाही, याचा निकाल त्यांच्याकडून मिळाला नाही. मला विचाराल तर खालचे सूर पूर्वीपेक्षा भरदार वाटतात. पण मी सहापैकी तीन वेळा चुकलेली बाई आहे.

नंतर आमच्या शाळेला गावकऱ्यांच्या वर्गणीतून वाद्यं घ्यायची होती. मुख्याध्यापकांनी मला निवडायला सांगितलं. मी त्याच दुकानातून दोन प्लायच्या गिटारी आणल्या आणि पावतीवर तसं लिहून घेतलं. एक अजून वाजते. दुसरीवर एक मुलगा बसला.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले. ऑपरेशन चांगलं झालं, पण बारीक काम करताना पाणी यायला लागलं. एका शनिवारी मी गडहिंग्लजहून आले तर पुढची खोली रिकामी होती. आईनं सांगितलं, की दुपारी दुकानदाराला बोलावून त्यांनी सगळे शिकंजे, पटाशी, तासून ठेवलेल्या चकत्या देऊन टाकल्या. तो पैसे देत होता, ते घेतले नाहीत. का दिलं असं मी त्यांना विचारलं. बास झालं आता, म्हणाले. ते टी.व्ही.वर कुस्त्या बघत होते. आवाज नेहमीसारखा पूर्ण वर होता आणि शेजारच्या बाई सकाळी त्याबद्दल बोलून गेल्या होत्या, म्हणून मी तो कमी केला. त्यांना ते कळलं नाही. ते तसेच बघत राहिले.